कानामागे धरलेला हात: ॲड हॉक वायरलेस जाळ्यात डायरेक्शनल अँटेना वापरताना

पलीकडच्या बांधावरून कुणी हाक मारली आणि नीट ऐकू आलं नाही, की आपण कानामागे हात धरतो. लगेच बरं ऐकू येतं. कानाची ताकद वाढलेली नसते. समोरचा आवाज थोडा जास्त गोळा होतो आणि पाठीमागचा थोडा अडतो, इतकंच. डायरेक्शनल, म्हणजे एका दिशेला रोखलेल्या, अँटेनाचं कामही एवढंच. तो वीज खात नाही, सिग्नल निर्माण करत नाही. आणि हात धरलेला असताना मागून येणारी मोटरसायकल ऐकू आली नाही, तर त्यात हाताची चूक नाही.

नवा माणूस असा अँटेना विकत घेतो तो लांब पोचायला, आणि लिंक लांब पोचतेही. घोटाळा होतो तो मागच्या मोटरसायकलीचा. ॲड हॉक जाळ्यात मधे एक मालक राउटर नसतो. प्रत्येक नोड, म्हणजे जाळ्यातलं प्रत्येक ठिकाण, शेजाऱ्याचं पॅकेट (माहितीचा तुकडा) पुढे ढकलतो, आणि शेजारी काय बोलतोय हे सगळ्यांनी ऐकत राहायचं या भरवशावरच ते जाळं चालतं. अशा ठिकाणी एखाद्याला एका बाजूला जास्त ऐकायला लावलं, तर बाकीच्या बाजूंना तो बहिरा होतो. म्हणून खरेदीच्या आधी प्रत्येक नोडबद्दल एकच प्रश्न विचारायचा: याला कोणत्या बाजूला बहिरं होणं परवडेल?

खाली सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. गावातली शाळा, देऊळ, दवाखाना आणि गावापासून ३ किलोमीटरवरची टेकडी. गावातले तिघे एकमेकांपासून दोनशे-तीनशे मीटरवर.

आधी थोडी भाषा

गेन डीबीआयमध्ये मोजतात. सगळ्या दिशांना सारखंच पसरणारा एक काल्पनिक अँटेना गृहीत धरायचा आणि त्याच्या तुलनेत आपला अँटेना त्याच्या मुख्य दिशेला किती जास्त फेकतो, ते डेसिबलमध्ये सांगायचं. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने पडतो. एवढी तीन वाक्यं पाठ असली की निम्मं काम झालं.

बीमविड्थ म्हणजे झोताची रुंदी. मुख्य दिशेपासून दोन्ही बाजूंना जिथे सिग्नल ३ डेसिबलने, म्हणजे निम्म्यावर येतो, त्या दोन टोकांमधला कोन. साधारण १४ डीबीआयच्या चौकोनी पॅनेलचा झोत ३० अंशांच्या आसपास असतो, २४ डीबीआयच्या जाळीच्या डिशचा सात-आठ अंश. गेन वाढला की झोत अरुंद होणारच, यात सवलत नाही. लहानशा अँटेनाच्या खोक्यावर भरमसाट डीबीआय आणि शेजारीच रुंद झोत, असं दोन्ही छापलेलं दिसलं तर तो अँटेना दुकानातच राहू द्या.

ओम्नी चारी बाजूंना पसरतो, पण तोही वरखाली दबलेला असतो. जास्त गेनचा ओम्नी टेकडीवर लावला तर त्याचा झोत क्षितिजाकडे जातो आणि पायथ्याचं गाव कोरडं राहतं. यागी म्हणजे जुन्या दूरदर्शनच्या काळात गच्चीवर असायचा तो माशाच्या काट्यासारखा अँटेना. १९२६ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या उदा आणि यागी यांनी तो जगापुढे आणला. काम मुख्यतः उदांचं, नाव मात्र यागींचं चिकटलं.

पायरी १: कागदावर ठरवा कोण कोणाशी बोलणार

वहीवर चार ठिपके काढा. गावातल्या तिघांमधल्या लिंक आखूड आहेत आणि त्या कधीही बदलू शकतात. उद्या पोस्टात पाचवा नोड आला, तर तो आपोआप जोडला जावा हाच ॲड हॉकचा फायदा. तिथे ओम्नीच हवा. टेकडीची लिंक लांब आहे, दोन्ही टोकं हलणार नाहीत. तिथे डायरेक्शनल.

आता मोहाची जागा येते. शाळेत एकच रेडिओ आहे, त्यालाच टेकडीकडे तोंड केलेला पॅनेल लावला तर? टेकडी मिळेल, पण देऊळ आणि दवाखाना पाठीमागे पडतील. चांगल्या पॅनेलमध्ये समोर आणि मागे यांत २० ते २५ डेसिबलचा फरक असतो. म्हणजे मागच्या शेजाऱ्याचा सिग्नल शंभर ते तीनशे पटींनी कमजोर. दोनशे मीटरवर तो तरीही अधूनमधून लागेल, आणि हीच सगळ्यात वाईट अवस्था. पूर्ण तुटलेली लिंक लगेच सापडते. अर्धवट लागणारी दिवसचे दिवस डोकं खाते.

माझा सल्ला सरळ आहे: शाळेत दोन रेडिओ ठेवा. एक २.४ गिगाहर्ट्झचा ओम्नी, गावासाठी. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा डायरेक्शनल, टेकडीसाठी. दोन्ही एकाच राउटरमध्ये, वर रूटिंगचं, म्हणजे पॅकेटला रस्ता शोधून देणारं, सॉफ्टवेअर एकच. जगभरातली टिकलेली सामुदायिक जाळी शेवटी याच घडीवर आलेली दिसतात. स्पेनच्या कॅटलोनियात २००४ पासून वाढत गेलेल्या गिफी.नेटमध्ये अशा दोन-तीन रेडिओंच्या ठिकाणांना सुपरनोड म्हणतात. पैसे कमी असतील तर आधी एकच नोड असा करा, बाकीचे साधे चालतात.

पायरी २: बहिरेपणा समजून घ्या

हा भाग थोडा सावकाश वाचा. पुढे जाळं 'उगाचच' मंद झालं, तर कारण बहुधा इथेच सापडेल.

वायफायची शिस्त अशी: बोलण्याआधी ऐका, शांत असेल तरच बोला. आता शाळा आणि दवाखाना दोघांनीही टेकडीकडे तोंड केलेले अँटेना लावले. दोघं एकमेकांना ऐकत नाहीत. शाळा बोलत असताना दवाखान्याला सगळं शांतच वाटतं, तोही बोलायला लागतो, आणि टेकडीवर दोघांचे आवाज एकमेकांत मिसळून काहीच कळत नाही. याला हिडन नोड म्हणतात. तो ओम्नीतही होतो, पण डायरेक्शनलने आपण तो हौसेने घरी आणतो.

यावर उतारा आरटीएस आणि सीटीएस या दोन छोट्या संदेशांचा. शाळा विचारते, 'बोलू का?' टेकडी म्हणते, 'बोल, इतका वेळ.' टेकडीचं हे उत्तर दवाखान्यालाही ऐकू जातं आणि तो तेवढा वेळ गप्प बसतो. पण हे चालतं टेकडीचा अँटेना दोघांनाही व्यापत असेल तरच. टेकडीने अरुंद झोत फक्त शाळेकडे वळवून उत्तर दिलं, तर दवाखान्याला ते कळणारच नाही. म्हणून मधल्या ठिकाणी ९० किंवा १२० अंशांच्या रुंद झोताचा सेक्टर अँटेना आणि टोकांना अरुंद पॅनेल, ही जोडी बरी पडते. आपल्या उदाहरणात टेकडीवरून पाहिलं तर अख्खं गाव काही अंशांतच मावतं, त्यामुळे ३० अंशांचा पॅनेलही पुरेल.

बहिरेपणा याच्या पुढची पायरी. समजा टेकडीवरचा अँटेना झोत फिरवणारा आहे, ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे वळतो. तो शाळेकडे वळलेला असताना दवाखाना त्याला 'बोलू का?' विचारतो. उत्तर नाही. दवाखान्याला वाटतं हवेत गर्दी आहे, म्हणून तो नियमाप्रमाणे माघार घेतो. पहिल्यांदा ० ते १५ मधला एखादा आकडा मोजून थांबायचं, मग ० ते ३१, मग ६३, असं वाढत १०२३ पर्यंत. सहसा सात प्रयत्न फसले की तो पॅकेट टाकून देतो. दरम्यान टेकडीचं शाळेशी बोलणं संपलेलं असतं, पण दवाखाना अजून आकडे मोजत बसलेला. टेकडी पुढचं पॅकेट घेऊन, लहान आकडा मोजून, पुन्हा शाळेकडे वळते. दवाखाना उपाशीच राहतो. वर आणखी गंमत अशी, की रूटिंगचं सॉफ्टवेअर पॅकेट पडलेलं पाहून लिंक तुटली असं जाहीर करतं आणि दुसरा रस्ता शोधायला सगळ्या जाळ्यात विचारपूस सुरू करतं. तुटलेलं काहीच नसतं. पलीकडचा फक्त पाठ करून उभा असतो.

२००० सालापासून या प्रश्नावर भरपूर संशोधन झालं. गप्प बसण्याचा हिशोब दिशेगणिक वेगळा ठेवायचा, म्हणजे उत्तरेला कुणी बोलत असलं तरी दक्षिणेला बोलायला हरकत नाही, ही कल्पना त्यातूनच आली. कागदावर ती सुंदर आहे. पण बाजारातल्या साध्या वायफाय चिपमध्ये ती मिळत नाही, म्हणून नवशिक्याने झोत फिरवणाऱ्या अँटेनाच्या नादी लागू नये. झोत स्थिर ठेवा आणि प्रत्येक दिशेला वेगळा रेडिओ द्या.

मग एकाच खांबावर दोन डायरेक्शनल रेडिओ आले की तिसरी अडचण. झोत कितीही अरुंद असला तरी बाजूने थोडी गळती होतेच. हाताच्या अंतरावरच्या रेडिओला ती गळती कानात ओरडल्यासारखी असते. एक बोलत असताना दुसऱ्याला तीन किलोमीटरवरचं कुजबुजणं कसं ऐकू येणार? आयआयटी कानपूरच्या डिजिटल गँजेटिक प्लेन्स प्रकल्पात भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. दोघेही पुढे आयआयटी मुंबईत आले. २००५ मध्ये त्यांनी मांडलेल्या पद्धतीत खांबावरचे सगळे रेडिओ एकतर एकाच वेळी बोलतात किंवा एकाच वेळी ऐकतात. सगळेच बोलत असतील तर कुणाचं ऐकणं बिघडायचा प्रश्नच येत नाही. अट एकच: लिंकच्या दोन टोकांपैकी एक बोलत असताना दुसरा ऐकणारा हवा, म्हणजे जाळ्यातले खांब दोन गटांत वाटता आले पाहिजेत. तीन खांबांचा त्रिकोण झाला की घोळ.

आपल्याला एवढं करायची गरज नाही. खांबावरचे रेडिओ वेगळ्या चॅनलवर ठेवा. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हेच तिघे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. शिवाय दोन अँटेना एकाच उंचीवर शेजारी न लावता एकावर एक, मीटरभर अंतराने लावा.

पायरी ३: गच्चीवर चढून बघा, आणि कोणता महिना आहे तेही बघा

टेकडी डोळ्यांना दिसते म्हणजे लिंक होईल, असं नाही. रेडिओला मधे फुगलेल्या काकडीसारखी मोकळी जागा लागते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ३ किलोमीटरच्या लिंकला २.४ गिगाहर्ट्झवर बरोबर मधोमध या काकडीची त्रिज्या साडेनऊ मीटर होते, ५.८ वर सव्वासहा मीटर. निदान ६० टक्के मोकळी हवी. म्हणजे २.४ वर दृष्टिरेषेच्या खाली पावणेसहा मीटरपर्यंत झाडाचा शेंडा किंवा पाण्याची टाकी नको.

पाऊस या फ्रिक्वेन्सीला दोन-चार किलोमीटरवर फारसा त्रास देत नाही. पानं देतात, त्यातही ओली पानं. साग मार्च-एप्रिलमध्ये निष्पर्ण असतो आणि पावसाळ्यात भाकरीएवढी पानं काढतो. उन्हाळ्यात सागाच्या रानावरून मोजणी करून उभी केलेली लिंक जुलैत मेली, तर राउटर बदलू नका, समोर बघा. मोजणीला जाताना झाड आज किती उंच दिसतं त्यापेक्षा ऐन श्रावणात केवढं असेल, ते गावातल्या जाणत्या माणसाला विचारा.

पायरी ४: जमाखर्च मांडा

हे अंकगणित लोक टाळतात. मीही टाळलं होतं. त्याची शिक्षा सातव्या पायरीत आहे.

मोकळ्या हवेतलं नुकसान: ३२.४, अधिक २० गुणिले किलोमीटरचा लॉग, अधिक २० गुणिले मेगाहर्ट्झचा लॉग. २.४ गिगाहर्ट्झच्या सहाव्या चॅनलवर १ किलोमीटरला हे १०० डेसिबल येतं. ३ किलोमीटरला आणखी साडेनऊ, म्हणजे जवळजवळ ११०.

आता वाण्याच्या वहीसारखं लिहा. रेडिओची शक्ती २० डीबीएम, म्हणजे १ मिलिवॅटच्या वर २० डेसिबल. अँटेना १४. केबलमध्ये गेले १. हवेत उडाली ३३. वाटेत गेले ११०, उरले उणे ७७. पलीकडच्या अँटेनाने दिले १४, त्याच्या केबलने खाल्ला १. हातात आले उणे ६४ डीबीएम. छान लिंक. चांगल्या वेगाला साधारण उणे ७५ पुरतात, म्हणजे ११ डेसिबल गाठीला राहिले. निदान १० तरी राहू द्यावेत.

हीच बेरीज दोन्हीकडे ५ डीबीआयचे ओम्नी धरून करा. उणे ८२ येतात. फरक १८ डेसिबलचा. ६ डेसिबलला अंतर दुप्पट, म्हणजे १८ ला आठपट. डायरेक्शनलची सगळी जादू ती एवढीच.

५ गिगाहर्ट्झवर तेवढ्याच अंतरात साडेसात डेसिबल जास्त जातात, पण त्याच आकाराच्या डिशला गेनही जास्त मिळतो आणि गावात त्या पट्ट्यात गोंगाट कमी असतो. लांब लिंकला मी ५ च निवडतो.

पायरी ५: कायद्याची रेषा

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना वापरता येतो, पण अँटेनातून समोर उडणारी शक्ती ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएमच्या आत हवी. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ च्या अधिसूचनेने खुले झाले. तिथे प्रत्येक उपपट्ट्याची मर्यादा वेगळी आहे, म्हणून चॅनल ठरवण्याआधी ती अधिसूचना वाचाच. उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता असलेली बघून घ्या आणि राउटरमध्ये देश 'भारत' ठेवा. परदेश निवडून शक्ती वाढवण्याच्या युक्त्या सांगणारे खूप भेटतील. त्यांना नमस्कार करा.

या मर्यादेतच एक सोय दडलेली आहे. मर्यादा बोलण्यावर आहे, ऐकण्यावर नाही. १४ च्या जागी दोन्हीकडे २४ डीबीआयच्या डिश लावल्या तर रेडिओची शक्ती २० वरून १३ वर आणावी लागेल, तेव्हा ३६ जमतील. तरीही पलीकडे उणे ५१ पोचतात, म्हणजे आधीपेक्षा १३ डेसिबल जास्त. त्यातले ३ तोंडाचे, १० कानाचे. शिवाय बाजूचा गोंगाट कमी ऐकू येतो तो फायदा वेगळा. शक्ती वाढवण्यापेक्षा कान सुधारणं कधीही बरं, शेजाऱ्यांनाही आणि आपल्यालाही.

पायरी ६: वस्तू

केबल जितकी आखूड तितकी चांगली. बारीक आरजी-५८ केबल २.४ गिगाहर्ट्झवर मीटरमागे सुमारे १ डेसिबल खाते. गच्चीवरून खाली दहा मीटर केबल सोडली तर १० डेसिबल गेले. महागडा अँटेना केबललाच खाऊ घातल्यासारखं झालं. जाड एलएमआर-४०० मीटरमागे पाव डेसिबलच्या आत राहते, पण वळत नाही आणि स्वस्तही नाही. त्यापेक्षा रेडिओच खांबावर अँटेनाला खेटून लावा आणि खाली इथरनेटची वायर आणा. वीजही तिच्यातूनच वर जाते. बाहेर लावायची बहुतेक उपकरणं आता अशीच येतात.

कनेक्टर घेताना एसएमए आणि आरपी-एसएमए यांत गफलत होते. दोन्ही एकमेकांवर फिरून घट्ट बसतात, पण मधली पिन कधी दोन्हीकडे नसते, कधी दोन्हीकडे असते. दिसायला जोडलेलं, आत कोरडं. दुकानात पिन डोळ्यांनी बघून घ्या.

पोलरायझेशन, म्हणजे लहर उभी डोलते की आडवी, ते दोन्ही टोकांना सारखं ठेवा. एक अँटेना उभा आणि दुसरा आडवा झाला तर २० डेसिबल सहज जातात. पॅनेलच्या पाठीवर बाण असतो, तो दोन्हीकडे वरच हवा.

नुसतं शिकण्यासाठी पत्र्याच्या डब्याचा अँटेना करून बघा. २.४ गिगाहर्ट्झला डब्याचा आतला व्यास ७३ ते ९३ मिलिमीटरच्या मधे हवा. त्याहून अरुंद डब्यात लहर शिरतच नाही, रुंदात नको ते प्रकार शिरतात. गुलाबजामचा डबा मला मोठा पडला, हे मोजपट्टी नंतर लावल्यावर कळलं. गुलाबजाम तोवर संपवावे लागले होते. व्यास ८५ असेल तर बंद बुडापासून ५८ मिलिमीटरवर भोक पाडून ३१ मिलिमीटरची तांब्याची तार आत उभी करा. डबा निदान पावणेदोनशे मिलिमीटर लांब असावा. पावसात तो महिनाभर टिकेल, पण झोत म्हणजे काय ते हाताला कळेल.

पायरी ७: अँटेना जुळवणं

ज्यांनी दूरदर्शनचा अँटेना फिरवलाय त्यांना हे शिकवायला नको. एक जण गच्चीवर, एक खाली टीव्हीसमोर. 'आलं का?' 'मुंग्या आल्या!' 'आता?' 'थांब, थांब, मागे घे!' इथेही तेच. दोन टोकांना दोघं, हातात फोन, आणि फोनवर राउटरचं सिग्नल दाखवणारं पान.

आधी नकाशावरून दिशा काढा आणि होकायंत्राने ढोबळ लावा. होकायंत्र लोखंडी खांबाला चिकटून धरू नका. मग एका टोकाने अगदी स्थिर राहायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं. दोघांनी एकदम फिरवलं तर संध्याकाळपर्यंत नुसतं फिरवतच बसाल. एका वेळी दोन-तीन अंश हलवा, हात काढा, बाजूला व्हा, पाच सेकंद थांबा, मग आकडा वाचा. आपलं अंगही सिग्नल अडवतं. आकडा कमाल झाला तरी तिथेच थांबू नका. पुढे जात राहा, तो दोन्ही बाजूंना पडलेला बघा आणि मग मधोमध या. आडवं झालं की तेच उभ्या दिशेने. मग टोकांची अदलाबदल करा.

आता माझी गोष्ट. पहिल्या लिंकला आम्ही डिश फिरवली, एका ठिकाणी आकडा चढला, दोन्ही बाजूंना पडला. वाटलं झालं. उणे ७७. लिंक लागली, पिंग गेलं, आम्ही खाली उतरून चहाही घेतला. संध्याकाळी वारा सुटला की लिंक जायची. दोन आठवडे मी चॅनल बदलले, फर्मवेअर बदललं, एक बिचारा राउटरही बदलला. मग एका मित्राने विचारलं, 'हिशोबाने किती यायला हवं होतं?' हिशोब केलाच नव्हता. केला तर निघाले उणे ६४. हे तेरा डेसिबल गेले कुठे? आम्ही मुख्य झोतावर नव्हतोच, त्याच्या शेजारच्या छोट्या उपझोतावर डिश घट्ट करून बसलो होतो. तोही चढतो, तोही दोन्हीकडे पडतो, अगदी खऱ्यासारखा. डिश आणखी थोडी पुढे फिरवली. आकडा आधी जवळजवळ नाहीसा झाला, आणि मग चढत चढत उणे ६५ वर आला.

म्हणून हिशोबाचा आकडा कागदावर लिहूनच वर चढा. त्याच्या तीन-चार डेसिबलच्या आत येईपर्यंत पाना खिशात जाणार नाही.

पायरी ८: सॉफ्टवेअर

ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालणारे राउटर घ्या. जुना ॲड हॉक मोड बऱ्याच नव्या चिपमध्ये नीट चालत नाही, त्यामुळे आता अशा जाळ्यासाठी (मेशसाठी) ८०२.११एस हे वायफायचं मानक वापरलेलं बरं. वर रूटिंगला बॅटमॅन-ॲडव्हान्स्ड किंवा बेबेल. बॅटमॅन लावलात तर ८०२.११एसचं स्वतःचं पुढे ढकलणं बंद करा. दोन ड्रायव्हर एका गाडीत नकोत. चॅनल 'ऑटो'वर ठेवू नका.

लांब लिंकच्या रेडिओला अंतर सांगावं लागतं. प्रकाशालाही ३ किलोमीटर जायला १० मायक्रोसेकंद लागतात, परत यायला तेवढेच. वायफायचा थांबण्याचा एक टप्पा ९ मायक्रोसेकंदांचा. अंतर सांगितलं नाही तर पोच यायच्या आत रेडिओ 'पोच नाही' असं ठरवून पॅकेट पुन्हा पाठवतो. सिग्नल उत्तम आणि वेग भिकार दिसला की आधी हाच आकडा तपासा. मीटरमध्ये, खऱ्या अंतरापेक्षा थोडा जास्त भरा. तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने बर्कली विद्यापीठाच्या गटाबरोबर लांब पल्ल्याच्या वायफायवरून गावातल्या दृष्टी केंद्रांमधले रुग्ण तपासायला सुरुवात केली, तेव्हा त्या गटाला ही पोच पाठवण्याची पद्धतच बदलावी लागली होती. ३ किलोमीटरला मात्र आकडा भरणं पुरतं.

रूटिंगची एक खोच. शेजारी शोधायला हे प्रोटोकॉल दर काही सेकंदांनी सगळ्यांना उद्देशून हाळी देतात. ही हाळी सर्वात कमी वेगाने जाते, म्हणून फार लांब पोचते. खरं पॅकेट जास्त वेगाने जातं आणि तेवढं पोचत नाही. त्यामुळे शेजारी 'दिसतो' पण त्याच्याशी काम होत नाही. उपाय म्हणजे रेडिओवर मल्टिकास्टचा, म्हणजे या हाळीचा, किमान वेग थोडा वाढवणं. मग हाळी आणि काम यांचा पल्ला सारखा होतो आणि लंगड्या लिंक यादीतून आपोआप गळतात.

शेवटी तपासणी. शाळेतून टेकडीपर्यंत आयपर्फ हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर चालवा, वेग लिहा. मग दवाखान्यातूनही त्याच वेळी चालवा. दोघांची बेरीज पहिल्या आकड्याच्या जवळ राहिली तर ठीक. बेरीज कोसळली, किंवा एकच जण सगळं खातोय आणि दुसरा शून्यावर आहे, तर दुसरी पायरी पुन्हा वाचा. आरटीएसची मर्यादा ५०० बाइटवर आणून, म्हणजे त्याहून मोठ्या पॅकेटआधी 'बोलू का?' विचारायला लावून, फरक पडतो का बघा. एकट्याने केलेली तपासणी या जाळ्यात नेहमी पास होते, ती धरू नका.

पायरी ९: पावसाआधी

खांबाला अर्थिंग, इथरनेटच्या वायरीला सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत सोडणारी डबी. थेट वीज पडली तर काहीच वाचत नाही, पण जवळपास पडलेल्या विजेने जळणाऱ्या राउटरांची संख्या नक्की कमी होते. बाहेरच्या प्रत्येक सांध्यावर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी खेचून गुंडाळा, तिच्यावर साधी काळी टेप. केबल उपकरणात शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी झोळाच्या बुडाशी गळून पडेल, आत जाणार नाही. वारा फार असेल तर भरीव डिशपेक्षा जाळीची घ्या. माकडं असतील तर खांब त्यांचं वजन पेलणारा करा. धरमशालेत एअरजाल्दी या संस्थेने जाळं उभारलं तेव्हा माकडं हा तांत्रिक निकषच होता.

आणि जुळवणी झाली, पाना आवळला, की ऑइल पेंटचा डबा वर मागवा. क्लँप आणि खांब या दोन्हींवरून जाणारी एकच रेघ ओढा. शेजारी तारीख आणि आलेला आकडा लिहा. जूनच्या पहिल्या वादळानंतर लिंक मंदावली तर लॅपटॉप उघडायच्या आधी वर बघायचं: रेघ तुटलेली दिसली, तर डिश फिरली आहे.